उजवीकडचा झोक

हॉलमधल्या मुली त्यांना काठीवाले सर म्हणत. काठी म्हणजे टेकत चालायची नव्हे. ती एक हलकी, गुळगुळीत लाकडी काठी होती. खेळाडूने ती दोन्ही हातांनी डोक्यावर सरळ धरायची आणि टाचा न उचलता होईल तितकं खाली बसायचं. सर बाजूने बघत, मग मागून बघत. काठी पुढे गेली, टाच सुटली, गुडघा आत वळला, कंबर एका अंगाला सरकली, की तसा शेरा पडे. शरीर साध्या हालचाली कशा करतं ते पाहायच्या अशा आणखीही काही कसोट्या होत्या. गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधलेली दोरी ओलांडायची, एका रेषेवर पुढेमागे पाय ठेवून मागचा गुडघा टेकवायचा, उताणं पडून पाय न वाकवता वर न्यायचा. नीट जमलं तर तीन गुण, ओढूनताणून जमलं तर दोन, जमलंच नाही तर एक. आणि दुखलं तर शून्य, मग ती हालचाल दिसायला कितीही सुंदर असो. शून्य आलं की खेळ बंद, आधी उपचार. हा नियम सरांनी केलेला नव्हता, पण त्यांना तो मनापासून पटलेला होता.

सर स्वतः कुठलाही खेळ खेळलेले नव्हते. शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात त्यांनी उभा जन्म हाडं, सांधे आणि स्नायू शिकवले, तेही पुस्तकांतून आणि भिंतीवरच्या तक्त्यांवरून. निवृत्तीनंतर त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीने त्यांना बोलावून घेतलं. ती आता मुलींच्या व्हॉलीबॉल संघाची प्रशिक्षक होती आणि सगळे तिला मॅडम म्हणत. मुलींच्या हालचाली तपासा, जिथे कमी पडतात तिथे व्यायाम द्या, एवढंच काम. सर आधी नाहीच म्हणत होते. मला खेळातलं काय कळतं, पोरी हसतील, असं त्यांचं म्हणणं. बायको म्हणाली, "जा हो. घरी बसलात तर पुस्तकांना लागायची ती वाळवी तुम्हाला लागेल."

अडचण होती ती लाजेची. पुस्तकात स्वच्छ लिहिलेलं होतं की तपासणाऱ्याने हालचाल शब्दांत सांगायची, करून दाखवायची नाही. नुसतं ऐकून खेळाडूचं शरीर आपसूक काय करतं, तेच तर पाहायचं असतं. पण कॉलेजात तक्त्याकडे बोट करून कंबर, मांडी, नितंब हे शब्द बेधडक उच्चारणाऱ्या सरांची जीभ, समोर खऱ्या मुली उभ्या राहिल्या की टाळ्याला चिकटे. "हे जे आहे ना, ते जरा असं," एवढंच तोंडातून निघे, आणि मुली हसू दाबायला एकमेकींच्या पाठीमागे लपत. शेवटी त्यांनी सोपा मार्ग काढला. आपणच करून दाखवायचं. तेही मुलींकडे तोंड करून उठाबशा काढायच्या म्हणजे संकोच, म्हणून त्यांच्याकडे पाठ करून. काठी डोक्यावर धरायची, "घाई नाही, घाई नाही," असं स्वतःशीच पुटपुटत खाली जायचं, उठायचं आणि वळून म्हणायचं, "असं." या वयात आपल्याला एवढं खाली बसता येतं याचा त्यांना थोडा अभिमानही होता. व्यायाम शिकवतानाही तेच. बुटक्या बाकावरून उडी घेऊन दोन्ही पायांवर अलगद कसं उतरायचं हे त्यांनी पहिल्यांदा दाखवलं, तेव्हा मुलींनी टाळ्या वाजवल्या होत्या.

जिचं हुबेहूब त्यांच्यासारखं होई तिला सर म्हणत, "अगदी असंच." यापलीकडे शाबासकी त्यांना देता येत नसे, आणि म्हणूनच मुली तिच्यासाठी धडपडत.

ही शाबासकी सगळ्यांत जास्त वेळा मिळाली ती टिटवीला. हे नाव संघातल्या मुलींनीच ठेवलेलं. काटकुळे लांब पाय आणि दिवसभर चालू असलेलं तोंड. घरी ती आणि तिची थोरली बहीण दोघीच. बहीण शिवणकाम करायची आणि रोज संध्याकाळी स्कूटरवर तिला न्यायला यायची. टिटवी उंचीने बेताची, पण उडी अशी की जाळीपलीकडच्या मुली तिच्या पावलांकडे बघत राहायच्या. सर दाखवत तेव्हा बाकीच्या चुळबुळत, ही मात्र डोळे बारीक करून बघायची. पाठीचा कुठला भाग आधी हलतो, गुडघा कुठवर येतो, पाऊल कसं टेकतं. ज्युनियर संघाच्या निवडीला या वर्षी तिचं नाव जवळजवळ पक्कं होतं. पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती. म्हणजे संधी ही एकच, हे हॉलचा झाडूवालासुद्धा जाणून होता.

वर्षभरात सरांच्या एक गोष्ट ध्यानात आली. मुली खाली बसताना उजवीकडे झुकतात. एकदोघी नव्हेत, जवळजवळ सगळ्याच. उडीवरून खाली येतानाही भार उजव्या पायावर. पुस्तकं सांगत होती की उजव्या हाताने बॉल मारणारी खेळाडू सहसा डाव्या पायावर आधी उतरते आणि पुढेमागे त्रास होतो तो डाव्या गुडघ्याला. इथे उलटं. मॅडमही म्हणायला लागल्या होत्या की हल्ली उजव्या गुडघ्यांच्या तक्रारी फार येतात.

सरांना काळजी वाटली, पण त्याहून जास्त आनंद झाला. आयुष्यभर दुसऱ्यांनी शोधलेलं शिकवलं. आता एक गोष्ट आपल्याला सापडतेय, या हुरूपाने ते कारणाच्या मागे लागले. आधी त्यांना वाटलं, हॉलची जमीनच एका बाजूला उतरती असेल. त्यांनी ओळखीच्या गवंड्याला आणलं. त्याने पाणसळ लावून चारी कोपरे तपासले आणि म्हणाला, "यावर गोटी ठेवा सर, तिला झोप लागेल." मग बूट. सगळ्या मुलींनी बूट काढून ओळीने मांडले, सर ओणवे होऊन तळवे पाहत हिंडले. उजवे तळवे जास्त झिजलेले होते खरे, पण तो झोकाचा परिणाम, कारण नव्हे. मग पिशव्या. मुली पिशवी उजव्या खांद्यावर अडकवतात, म्हणून ती डावीकडे घ्यायचा हुकूम निघाला. मुलींनी तो इमानेइतबारे पाळला. मॅडमनीही पर्स डावीकडे घेतली. झोक तसाच राहिला.

हॉलला आरसा नव्हता. पूर्वी होता, पण बॉल लागून दोनदा फुटला, तेव्हा काढूनच टाकला.

मग मॅडमचा वाढदिवस आला. सराव लवकर आटोपला, गुण मांडायच्या टेबलावर केक आला, सरांना एकुलती एक खुर्ची दिली गेली. मुलींनी नकला करायला सुरुवात केली. एकीने शिट्टी तोंडात धरून मॅडमचं रागावणं केलं. मॅडम डोळे पुसत हसल्या. मग टिटवी पुढे आली आणि सरांपाशी येऊन म्हणाली, राग येणार नसेल तर तुमची करते. सरांनी मान डोलावली. त्यांचे कान आधीच लाल झाले होते.

तिने कुणाचा तरी चष्मा नाकावर चढवला, काठी घेतली, सगळ्यांकडे पाठ केली. थोडा वेळ नुसती उभी राहिली, घसा खाकरला, आणि अगदी सरांच्या आवाजात पुटपुटली, "घाई नाही. घाई नाही." खाली गेली. उठली. वळली. "हे जे आहे ना, ते असं."

हॉल नुसता कोसळला. सरही हसले, पोट धरून हसले. इतक्या प्रेमाने आपल्याला कुणी बघितलं असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. आणि त्याच हशात मॅडम म्हणाल्या, "हुबेहूब. तो उजवीकडचा झोकसुद्धा."

सरांचं हसू हळूहळू ओसरलं. हातातला केक त्यांनी टेबलावर ठेवला आणि टिटवीला म्हणाले, आता तुझी बैठक काढून दाखव, माझी नको. तिने चष्मा काढून दिला, काठी वर धरली आणि खाली बसली. या वेळी कुणी हसलं नाही, कारण नक्कल संपलेली होती. पण सरांना दोन्हींत काडीचाही फरक दिसेना. तीच कंबर उजवीकडे सरकली, तोच डावा खुबा मध्येच अडला, उठताना तोच उजवा गुडघा आत आला. नकलेसाठी तिने वेगळं काहीच केलेलं नव्हतं. फक्त चष्मा लावला होता.

"जमलं का सर?" तिने विचारलं.

सरांच्या ओठांवर सवयीने दोन शब्द आले होते. त्यांनी ते गिळले.

घरी गेल्यावर त्यांनी बूटसुद्धा काढले नाहीत. बायको भाजी निवडत होती. तिच्याकडे पाठ करून ते उभे राहिले आणि म्हणाले, मी खाली बसतो, तू मागून बघ आणि सांग. तिला वाटलं पाठीत उसण भरली. ते बसले, उठले. ती म्हणाली, बसता तसेच बसलात, त्यात सांगायचं काय. त्यांनी विचारलं, एका बाजूला कलतो का?

"इश्श, हे काय आज कळलं? शिडीवरून पडलात तेव्हापासून तसेच बसता. स्टँडवर लावलेल्या स्कूटरसारखे."

कॉलेजच्या वाचनालयात वरच्या फळीवरचं पुस्तक काढताना ते पडले होते खरे. डावा खुबा बरेच दिवस दुखला, मग दुखायचा थांबला. थांबला म्हणजे बरा झाला, असं ते धरून चालले होते. आपल्या विद्यार्थ्यांना मात्र ते बजावून सांगत की दुखणं जातं आणि हालचालीत मुरून बसतं. त्यांनी बायकोला विचारलं की तू इतकी वर्षं बोलली का नाहीस. ती म्हणाली की नवरा कसा बसतो हे बायकोने नवऱ्याला काय सांगायचं. मग त्यांचा चेहरा बघून तिने भाजीचं ताट बाजूला सारलं आणि काय झालं ते विचारलं. त्यांनी सांगितलं. ती सगळं ऐकून म्हणाली की पोरी काय माकडं आहेत का, तुमचं बघून वाकड्या व्हायला. तिला त्यांचा भार हलका करायचा होता. पण सरांना माहीत होतं की त्यांनी त्या मुलींना वर्षभर नेमकं हेच करायला लावलं होतं, आणि जी जितकी चांगली शिकली तितकी जास्त वाकडी झाली. ढ मुली वाचल्या होत्या.

निवडीला जायच्या आधीची तपासणी दुसऱ्याच दिवशी सकाळी होती. सर हॉलवर लवकर गेले. या वेळी त्यांनी काही करून दाखवलं नाही. कागदावर वाक्यं लिहून आणली होती, ती मान खाली घालून वाचून दाखवली. मुलींना गंमत वाटली. एकेक येऊन करून जात होती. झोक सगळ्यांचा होता, कमीजास्त. दुखतं का, या प्रश्नाला सगळ्यांनी नाही म्हटलं.

टिटवी खाली गेली तेव्हा तिच्या भुवईला एक बारीक आठी पडली आणि लगेच गेली. उठताना उजवा गुडघा थरथरला. सरांनी विचारलं, दुखतं का. ती नाही म्हणाली. त्यांनी रेषेवरची कसोटी करायला लावली. गुडघा टेकवायच्या आधीच तिने श्वास रोखला. बाकीच्या मुली जाळी बांधत होत्या. सर तिला घेऊन कोपऱ्यातल्या गाद्यांच्या ढिगापाशी गेले आणि गुडघ्याच्या वाटीखाली अंगठ्याने हलकेच दाबलं. तिने पाय ओढून घेतला.

किती दिवस, त्यांनी विचारलं. बरेच, ती म्हणाली. जिना उतरताना जास्त. ताईला सांगितलं नाहीये. तुम्हीही सांगू नका.

सर तिच्या शेजारी गादीवर बसले. बसताना त्यांना आपला झोक जाणवला, आयुष्यात पहिल्यांदाच, आणि मग ते जमिनीकडे बघत बोलले. डावा खुबा, शिडी, पाठ करून दाखवणं, पुस्तकातला नियम, तो का मोडला, सगळं. जमीन, बूट, पिशव्या, सगळीकडे शोधलं, फक्त आपल्याकडे बघितलं नाही. काल तू माझी नक्कल केलीस तेव्हा कळलं. तू वर्षभर तीच करत होतीस, आणि मी शाबासकी देत होतो.

टिटवी गप्प होती. तिला गप्प बसलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"म्हणजे मी नीट करत होते," ती शेवटी म्हणाली.

"हो. तू नीटच करत होतीस."

"आणि तुम्ही शून्य देणार."

सर आपल्या अंगठ्याकडे बघत राहिले.

"चूक तुमची आणि घरी मी बसायचं?" तिचा आवाज चढला नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं. "दोनच दिवस खेळायचंय सर. मग मी तुम्ही म्हणाल तितकं झोपून राहीन. तुम्ही माझं एवढं केलंत, आता एवढं करा. दुखत नाही म्हणून लिहा."

ती जे मागत होती ते त्यांना द्यावंसं वाटत होतं, आणि त्याला कारणंही भराभर सुचत होती. आपलं निदान ते काय, पुस्तकी. ज्याला स्वतःचा खुबा कळला नाही, ज्याने सरळ जमिनीवर गवंडी आणला, त्याच्या अंगठ्यावर विसंबून एका मुलीची एकुलती एक संधी घालवायची? कदाचित काही होणारही नाही. मुली दुखऱ्या गुडघ्यांनी खेळतात आणि जिंकून येतात. शिवाय हे केलं की फिटल्यासारखं होईल. या शेवटच्या विचारापाशी ते थबकले. फिटेल ते आपलं. गुडघा तिचा.

ते उठले आणि म्हणाले, "नाही लिहिता येणार, बेटा."

तिने मान वळवली. ते मॅडमच्या खोलीकडे निघाले, आणि तिला मागून आपली चाल दिसत असेल, या जाणिवेने त्यांना पाय सरळ टाकता येईना.

मॅडमना त्यांनी आधी गुडघ्याचं सांगितलं, मग बाकीचं. मॅडमनी गुडघ्याचं ऐकून कपाळाला हात लावला, आणि बाकीचं ऐकून चक्क हसल्या. सर, तुम्ही पण ना, त्या म्हणाल्या. उड्या मारणाऱ्या मुलींचे गुडघे दुखतात, त्याला तुमचा खुबा कशाला हवा. सरांनी पुन्हा समजावून सांगितलं. मॅडम ऐकत होत्या, पण डोळे संघाच्या यादीवर होते. टिटवीच्या जागी कुणाला घ्यायचं याचा त्यांचा हिशोब मनात सुरू झाला होता. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं की ती खेळू शकते की नाही, तुम्ही सांगाल ते धरते. सरांनी नाही म्हटलं. मग ते म्हणाले की माझ्या जागीही दुसरं कुणी बघा, मला मोकळं करा. यावर मात्र मॅडमचं हसू गेलं.

"मोकळं कसं करू सर? तुम्ही म्हणता तसं असेल तर त्यांना सरळ कोण करणार?"

संध्याकाळी फाटकापाशी बहीण आली. सर पोचले तेव्हा टिटवी आधीच स्कूटरवर मागे बसून होती, तोंड दुसरीकडे करून. बहिणीने सरांना बघून हेल्मेट काढलं आणि त्यांचे आभार मानले. बरं झालं वेळेवर पकडलंत, ही कार्टी कधी बोलली नसती, ती म्हणाली. रडून रडून डोळे सुजवलेत, पण कळेल तिला पुढे. सरांनी ओळखलं की टिटवीने निम्मंच सांगितलंय. आपली लाज तिने झाकावी हे त्यांना सोसेना. त्यांनी तिथेच, रस्त्यावर, जमेल तसं बाकीचं सांगितलं. बहीण गोंधळली. मग समजुतीच्या सुरात म्हणाली, "असं कुठे असतं का सर? तुम्ही उगीच मनाला लावून घेता."

म्हणजे कुणीच मानायला तयार नव्हतं. बायको नाही, मॅडम नाहीत, बहीण नाही. मानलं होतं ते एका टिटवीने, आणि ती बोलत नव्हती. बहिणीच्या पाठीआड तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. रागापेक्षा त्या नजरेत ती जुनी बारीक पाहणी होती. हा माणूस आता काय करतो, ते बघणारी. स्कूटर गेली.

संघ गेला आणि आला. दोघींची निवड झाली. टिटवीच्या जागी गेलेली मुलगी चांगली खेळली, असं मॅडम सरांना मुद्दाम सांगायला आल्या. त्यांना वाटलं, याने सरांना बरं वाटेल.

त्या दिवसांत सरांनी घरी एक सराव सुरू केला. खोलीचं दार लावून ते मोठ्याने बोलत. कंबर मागे न्या. दोन्ही टाचांवर सारखं वजन ठेवा. उजवा गुडघा बाहेर. बायको दाराबाहेरून विचारी, कुणाशी बोलताय. ते म्हणत, कपाटाशी. सुरुवातीला त्यांना त्या कपाटाचीही लाज वाटली. आपल्या अडणाऱ्या खुब्यासाठी ते दवाखान्यातल्या एका तरुण फिजिओथेरपिस्टकडेही जाऊन आले. टिटवीचा गुडघाही तिच्याकडेच दाखवायला सांगितला होता. ती येते का, हे त्यांनी विचारलं. येते, ती बाई म्हणाली, नेमाने येते, पण एक अक्षर बोलत नाही. अबोल मुलगी आहे.

तो शब्द सरांना दिवसभर टोचत राहिला.

पुढच्या तपासणीला सगळ्या हजर होत्या. सरांनी काठी पहिल्या मुलीच्या हातात दिली, स्वतः भिंतीपाशी उभे राहिले आणि बोलून सूचना दिल्या. आवाज फाटला, पण शब्द बाहेर आले. मुलींनी हसू दाबलं नाही, कारण त्यांना हसूच आलं नाही. त्या फार शहाण्यासारख्या वागत होत्या. एकेक येत होती, खाली बसत होती. दुखतं का. नाही सर. दुखतं का. अजिबात नाही सर. उत्तर प्रश्न संपायच्या आत येत होतं, आणि चेहरे धुतलेल्या पाटीसारखे कोरे.

सरांना कळायला वेळ लागला नाही. टिटवीचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. दुखतं म्हटलं की घरी बसवतात. खरं सांगून सरांनी टिटवीची निवड घालवली होती आणि त्याचबरोबर या हॉलमधलं खरं बोलणंही. जाळीपाशी उभी राहून बॉल अडवणारी एक उंच मुलगी उठताना ओठ चावत होती. दुखतं का. नाही सर. तिच्या नावापुढे त्यांनी दोन लिहिले. पेन जड झालं होतं.

टिटवी कधी आली ते त्यांना कळलं नाही. ती रांगेच्या शेवटी उभी होती, घरच्या कपड्यांत. मुलींनी तिच्यासाठी जागा केली, जरा जास्तच. तिने काठी घेतली. सरांनी सूचना सांगितल्या, आणि या वेळी एकही शब्द गिळला नाही. ती खाली गेली. झोक अजून होता, पण तिने मध्येच तो पकडला आणि डावीकडे वजन आणायचा प्रयत्न केला. गुडघा थरथरला. ती तशीच थांबून उठली.

"दुखतं का?"

"दुखतं," ती म्हणाली, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी. "लिहा शून्य. माझं आता काय जातंय."

सरांनी लिहिलं. तिने काठी त्यांच्या हातात दिली आणि पुढे जाता जाता उंच मुलीकडे मान केली.

"हिचंही दुखतं. निवडीच्या आधीपासून डबा खाताना चोळत बसते. हिला नीट विचारा."

उंच मुलीने तिच्याकडे असं पाहिलं की कुणी दुसरी असती तर दोन पावलं मागे सरली असती. टिटवी तिथेच उभी राहिली. मॅडम हातातली शिट्टी खिशात टाकून जवळ आल्या. पुढल्या महिन्यात सामने होते आणि उंच मुलीशिवाय संघात बॉल अडवणारं कुणीच नव्हतं, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकीला माहीत होतं. सरांनाही होतं.

आपल्या एका प्रश्नाने आणखी एका मुलीचं काय होऊ शकतं हे त्यांना आता ठाऊक होतं, आणि न विचारून काय होतं, तेही. त्यांनी उंच मुलीला काठी पुढे केली नाही. गाद्यांच्या ढिगाकडे हात केला आणि म्हणाले, "ये, बसून बोलू. शून्य पडलं तर पुढे काय करायचं, ते मी आधी सांगतो. किती दिवस बाहेर, कुठले व्यायाम, परत कधी. मॅडम, तुम्हीही या. मग ती सांगेल दुखतं की नाही."

उंच मुलगी हलली नाही. तिने मॅडमकडे पाहिलं, मग टिटवीकडे. टिटवी बोलत नव्हती, पण गेलीही नव्हती.

"थोडं," उंच मुलगी म्हणाली. "उजवाच."

सरांनी मान हलवली. उजवाच असणार होता.